भाग क्रमांक एकशे बारा

वडगावात वीज गेली की माग थांबतात,
माणसं थांबत नाहीत.
मागाच्या वर आवाज काढायची सवय
तशीच राहते घशात.
म्हणून साडेअकराला मी गल्लीत शिरले तेव्हा
अख्खी गल्ली ओरडून बोलत होती
हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी.

माझ्या पिशवीत नऊशे चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या.
एरवी मी अंगणवाडीत पोरांना अ आ शिकवते,
निवडणूक आली की मोठ्यांना
त्यांचीच नावं वाचून दाखवते.
छपाई कानडीत. हुंदऱ्यांची यल्लूबाई
‘एल्लूबायी’ होऊन आलीय.
ती म्हणते, असू दे गं, ओ दिल्याशी कारण.

घर नंबर ४१७/अ/३/२.
म्हातारा होता तेव्हा नुसतं ४१७ होतं.
दर वाटणीला एक तिरकी रेघ.

कट्ट्यावर नागेश भंडगे मोबाइलवर
उमेदवाराचं शपथपत्र वाचत होता, पोथी वाचावी तसं.
फ्लॅट नऊ. जमीन एक्केचाळीस एकर.
सोनं अडीच किलो. वाहन निरंक.
“निरंक म्हंजे?”
“म्हंजे न्हाई.”
“बघ की गा,” इराप्पा कामकर म्हणाला,
“माझ्याकडं गाडी हाय, घर न्हाई.
त्याच्याकडं घरं हायत, गाडी न्हाई.
दोघं मिळून एक माणूस पुरा हुतोय.”

“पोट भरलेला असला की खात न्हाई,” कुणीतरी म्हणालं.
“लग्नात बघितलंस काय कवा?
दुसऱ्या पंगतीला परत कोण बसतंय?”

महबूब सनदीच्या बापानं आश्रय घराचा अर्ज दिलेला.
त्यानंतर तीन खासदार झाले.
औंदा यादीत नाव आलं, बापाचं,
बाप जाऊन दोन वर्षं झाल्यावर.
“मिळालं की त्याला घर, सहा बाय तीन,”
असं महबूबच म्हणाला, आणि पहिला हसलाही तोच,
मग बाकीच्यांना हसायला मोकळीक झाली.

गुंडू मन्नोळकरांनी चष्मा पुसला.
“समिती,” एवढंच म्हणाले.
नातू म्हणाला, “आज्जा, ही दिल्लीची हाय.
दिल्लीला काय ठाऊक इथं रेघ कुठनं जात्या?”
“घरं मी सात बदललीत, सगळी भाड्याची.
मत एकच ठेवलंय.
त्याला तेवढं भाडं न्हाई.”
नातवानं मान खाली घातली,
पटलं म्हणून नव्हे;
मोबाइलवर काहीतरी आलं होतं.

जयश्री लोखंडे दारात कांड्या भरत बसलेली.
हात न थांबवता म्हणाली,
“शापुरात गुंठा कितीला गेला ते विचारा की त्याला.
आमच्या एका साडीला मजुरी किती, तेबी विचारा.
दोन्ही आकडे एका कागदावर लिहून आण म्हणावं.
मग बोलू, कुठला पक्ष नि काय.”

पहिल्यांदाच कट्टा गप्प झाला.
नागेशनं शपथपत्र बंद केलं, हिशोब उघडला:
एका गुंठ्याला साड्या किती.
इराप्पा वाकून शून्यं मोजू लागला,
एक कमी पडतंय म्हणाला, मग म्हणाला, दोन.

आणि वीज आली.

सगळे माग एकदम.
नागेश आकडा ओरडून सांगत होता,
मला फक्त त्याचे ओठ दिसले.

४१७/अ/३/२ ला कुलूप.
शेजारच्या बाईला खुणेनं विचारलं.
तिनं चार बोटं दाखवली, म्हणजे चौघं,
मग ट्रंक उचलल्यासारखा हात,
मग हात लांब, इचलकरंजीच्या दिशेला.

माझ्या तक्त्यात रकाने तीन:
मयत, स्थलांतरित, घर बंद.
चिठ्ठी दाराखालनं सरकवायची नसते, सही लागते.
उन्हात पेन नीट उठत नव्हतं.
‘स्थलांतरित’ लिहिलं की नाव जातं.

मी ‘घर बंद’ लिहिलं,
आणि पुढच्या दाराची कडी वाजवली,
जी आतल्या आवाजात
कुणालाच ऐकू येणार नव्हती.